पापणीवरची वळी आणि तिची विषमता

मनुष्याच्या वरच्या पापणीवर, केसांच्या रांगेपासून काही मिलिमीटर उंचीवर, डोळा उघडताच जी एक बारीक आडवी वळी उमटते आणि डोळा मिटताच जवळजवळ लोप पावते, तिची दखल ती दोन्ही बाजूंस सारखी असेपर्यंत कोणीही घेत नाही. परंतु एका बाजूची वळी पुसट झाली, खाली उतरली किंवा दुसरीपेक्षा उंच दिसू लागली, की आरशासमोर उभ्या राहणाऱ्यास आपल्या चेहऱ्यात दुसरे काही दिसेनासे होते. लग्नाच्या स्थळासाठी केजच्या एखाद्या स्टुडिओत छायाचित्र काढवून घेणाऱ्या मुलीस ‘एक डोळा लहान आहे’ हा शेरा घरच्यांकडूनच प्रथम ऐकावा लागतो, आणि तो शेरा जितका निष्ठुर तितकाच बहुधा चुकीचाही असतो. दोन्ही नेत्रगोल सामान्यतः सारखेच असतात. भेद असतो तो त्यांच्यावरील पापणीच्या उंचीत, किंवा पापणीवरच्या वळीत, किंवा भुवईच्या ठेवणीत. या तिन्ही गोष्टी परस्परांपासून भिन्न आहेत, त्यांची कारणे भिन्न आहेत आणि इलाजही भिन्न आहेत. चिरफाड न करता केवळ दोऱ्याच्या टाक्यांनी पापण्या सारख्या करता येतात, ही वार्ता आता मोबाइलच्या पडद्यावरून खेड्यापाड्यांतही पोहोचली असल्यामुळे, हा इलाज मुळात कोठून आला, तो काय साधतो, आणि आपल्याकडील माणसांच्या पापण्यांना तो कितपत लागू पडतो, याचा तपशील शांतपणे पाहणे अगत्याचे झाले आहे.

पापणी ही दिसावयास नुसता त्वचेचा पडदा. तथापि त्या पडद्याच्या पोटात फार सुव्यवस्थित रचना आहे. सर्वांत बाहेर शरीरातील सर्वांत पातळ त्वचा, जिची जाडी एक मिलिमीटरहूनही कमी. तिच्याखाली डोळा मिटविणारा वर्तुळाकार स्नायू. त्यामागे नेत्रकोशातील चरबीला जागच्या जागी आवरून धरणारा एक पातळ पडदा. त्यामागे पापणी उचलणारा मुख्य स्नायू, जो नेत्रकोशाच्या अगदी खोल टोकापासून निघून त्याच्या छताखालून पुढे येतो आणि पुढे येता येता रुंद, चपट्या स्नायुबंधात परिणत होतो. त्याच्या खालच्या अंगास चिकटून म्युलरचा छोटा स्नायू, ज्याच्यावर आपल्या इच्छेचा अंमल चालत नाही. आणि सरतेशेवटी पापणीला आकार देणारी चिवट पट्टी व तिचे आतले ओलसर अस्तर. मुख्य स्नायूच्या स्नायुबंधातून काही सूक्ष्म तंतू वर्तुळाकार स्नायूला भेदून थेट त्वचेपर्यंत जातात. स्नायू आखडला की हे तंतू त्वचेला त्या रेषेवर आत ओढतात, वरची सैल त्वचा त्या रेषेवर दुमडते, आणि आपण जिला वळी म्हणतो ती उमटते. तेव्हा वळी हा काही त्वचेचा दागिना नव्हे. आत काम करणाऱ्या स्नायूची ती बाहेर उमटलेली खूण आहे. या लेखात पुढे जे सांगावयाचे आहे ते सारे या एका गोष्टीवर आधारलेले आहे.

पूर्व आशियातील लोकांपैकी सुमारे निम्म्यांच्या पापणीवर ही वळी जन्मतःच नसते. त्यांच्यात चरबी आवरणारा पडदा स्नायुबंधाला बऱ्याच खालच्या पातळीवर मिळतो, त्यामुळे चरबी पापणीच्या कडेजवळ उतरते आणि तंतूंना त्वचेपर्यंत वाट मिळत नाही. हे वैगुण्य नव्हे, रचनेचा एक प्रकार आहे. दृष्टीला त्याने कसलीही बाधा येत नाही. परंतु एकाच माणसाच्या एका डोळ्यावर वळी आहे आणि दुसऱ्यावर नाही, असे घडले म्हणजे विषमता डोळ्यांत भरते. इ.स. १८९६ मध्ये जपानातील मिकामो या शल्यचिकित्सकाने जिच्याबाबत वळी घडविण्याची पहिली शस्त्रक्रिया प्रसिद्ध केली ती स्त्री नेमकी याच प्रकारची होती. तिच्या एका पापणीला वळी होती, दुसरीला नव्हती. आणि मिकामोने पापणीच्या आतील अस्तरापासून त्वचेपर्यंत रेशमी दोऱ्याचे तीन टाके घालून, दुसऱ्या डोळ्याशी जुळेल अशी वळी तयार केली व काही दिवसांनी ते टाके काढून टाकले. म्हणजे ज्या इलाजाकडे आज निव्वळ सौंदर्यप्रसाधन म्हणून पाहिले जाते, त्याचा आरंभ दोन डोळ्यांतील विषमता दूर करण्यापासून झाला, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. त्वचेला छेद देऊन वळी घडविण्याची पद्धत जपानातच मारुओने १९२९ साली मांडली, आणि दुसऱ्या महायुद्धानंतर कोरिया, फिलिपाईन्स, हवाई या मुलुखांत दोन्ही पद्धतींचा मोठा प्रसार झाला.

टाक्याने पापणीची ठेवण बदलण्याची कल्पना मात्र आपणांस परकी नाही. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात नेत्ररोगांची संख्या ७६ सांगितली असून त्यांपैकी २१ केवळ पापणीचे आहेत. आणि पापणीचे केस आत वळून बुबुळाला टोचू लागतात त्या पक्ष्मकोप नामक विकारात, वरच्या पापणीच्या त्वचेची यवाच्या आकाराची पट्टी मोजून काढावी, जखमेच्या कडा केसाने शिवाव्यात आणि तो टाका कपाळावर बांधलेल्या पट्टीशी बांधून पापणी वर ओढून धरावी, असा विधी तेथे आहे. भुवई व पापणीची कड यांमधील अंतराचे भाग पाडून छेदाची जागा मुक्रर करण्याची सुश्रुताची ती दक्षता पाहिली म्हणजे, पापणीच्या शस्त्रक्रियेत हातापेक्षा मापाला अधिक महत्त्व आहे हे त्यास पुरते ठाऊक होते असे म्हणावयास हरकत नाही. खुपऱ्यांच्या जुनाट विकारात पापणी आत वळत असे आणि आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढीत त्यापायी कित्येकांची दृष्टी गेली. त्या मानाने आजची पिढी भाग्यवान आहे.

आता प्रस्तुत पद्धतीकडे वळू. आजचा शल्यचिकित्सक पापणीवर प्रथम वळीची रेषा आखतो, भूल केवळ त्या जागेपुरती देतो, आणि रेषेवर सुईच्या टोकाएवढी काही छिद्रे पाडून त्यांतून केसाहून बारीक नायलॉनचा धागा आतील अस्तराच्या बाजूने स्नायुबंधातून किंवा चिवट पट्टीतून ओवून पुन्हा त्वचेखाली आणतो व गाठ तेथेच पुरून टाकतो. मिकामोप्रमाणे हा धागा काढला जात नाही. तो आतच राहतो आणि निसर्गाने ज्या तंतूंची तजवीज केली नव्हती त्यांचे काम करतो. सूज थोडी, व्रण जवळजवळ नाही, आणि नापसंत पडल्यास धागा काढता येतो, हे या पद्धतीचे गुण. परंतु धागा हा शेवटी धागाच. तो हळूहळू ऊतींतून सरकतो, सैल पडतो आणि एका बाजूची वळी दुसरीच्या आधी पुसट होऊ लागते. त्वचा जाड असेल वा चरबी पुष्कळ असेल तर हे लवकर घडते. कधी गाठ त्वचेखाली हाताला लागते, कधी आतल्या बाजूस धागा उघडा पडून बुबुळावर घासतो आणि डोळा लाल होतो.

अशा रीतीने विषम झालेल्या पापण्यांची फेरदुरुस्ती पुन्हा छेदाविना करता येते काय, या प्रश्नाचे उत्तर विषमता कोणत्या दिशेची आहे यावर अवलंबून असते. धागा सैल होऊन एक वळी खाली आली किंवा पुसली गेली असेल, तर काम तुलनेने सोपे: जुना धागा सूक्ष्म छिद्रातून काढावयाचा, रुग्णास बसवून दोन्ही बाजूंचे माप पुन्हा घ्यावयाचे, आणि नवा धागा योग्य उंचीवर बसवावयाचा. बसवून माप घेण्यावर माझा भर आहे, कारण आडव्या स्थितीत पापणी व भुवई निराळ्या जागी असतात आणि निजलेल्या रुग्णावर जे सारखे दिसते ते उठल्यावर सारखे राहीलच असे नाही. उलट, एक वळी प्रमाणाबाहेर उंच झाली असेल तर प्रकरण अवघड. उंच वळी केवळ धाग्याने धरलेली असेल आणि फार दिवस लोटले नसतील तर धागा काढताच ती उतरू शकते. परंतु पूर्वी छेद देऊन शस्त्रक्रिया झालेली असेल, तर तेथे व्रणाची चिकटण तयार झालेली असते, ती सोडविल्याविना आणि पुन्हा चिकटू नये म्हणून मध्ये चरबीचा थर आणल्याविना वळी खाली येत नाही, आणि हे काम छिद्रांतून होत नाही. सैल, लोंबणारी त्वचा कमी करणेही धाग्याच्या कक्षेबाहेरचे आहे. जो वैद्य प्रत्येक विषमतेस छेदाविनाच दुरुस्त करण्याचे आश्वासन देतो, त्याने रुग्णाची पापणी पाहण्यापूर्वीच उत्तर ठरविलेले असते, असे माझे स्पष्ट मत आहे. याशिवाय घाईची बाधा फार होते. पहिल्या शस्त्रक्रियेची सूज दोन्ही बाजूंस सारख्या वेगाने उतरत नाही. तेव्हा सूज ओसरून ऊती मऊ होईपर्यंत, आणि छेदाची शस्त्रक्रिया झाली असल्यास साधारण सहा महिने, धीर धरणे हाच पहिला इलाज.

परंतु या साऱ्याच्या आधी एक परीक्षा आहे, आणि तीच टाळली गेल्याने पुष्कळ दुरुस्त्या फसतात. दोन्ही पापण्या उचलणाऱ्या स्नायूंना मज्जातंतूंचा हुकूम मेंदूतील एकाच केंद्रातून सुटतो आणि तो दोघांनाही समप्रमाणात जातो. एकोणिसाव्या शतकात एवाल्ट हेरिंग या जर्मन शास्त्रज्ञाने दोन्ही डोळ्यांच्या हालचालींविषयी जो नियम सांगितला तो पापण्यांनाही लागू पडतो. एकाच कासऱ्याने हाकलेल्या बैलजोडीत एक बैल मागे पडू लागला म्हणून गाडीवानाने हाळी दिली, तर धडधाकट बैलही विनाकारण जोराने पुढे सरतो. तद्वत एक पापणी दुर्बल असली की मेंदू दोघींनाही अधिक जोर लावतो, दुर्बल पापणी कशीबशी जागेवर येते आणि निरोगी पापणी गरजेपेक्षा वर चढून तो डोळा टपोरा, विस्फारलेला दिसतो. पाहणारा म्हणतो, या डोळ्यात दोष आहे. दोष असतो दुसऱ्यात. म्हणून जाणता नेत्रवैद्य दुर्बल पापणी हलक्या बोटाने उचलून धरतो आणि दुसरीकडे पाहत राहतो. ती क्षणार्धात खाली आली तर सत्य उघड होते. ही परीक्षा न करता केवळ वळ्या जुळविल्या, तर शस्त्रक्रियेनंतर विषमता नाहीशी न होता बाजू बदलून उभी राहते.

नेत्रवैद्य याबरोबर आणखी मापे घेतो. डोळ्यावर प्रकाश टाकला असता बाहुलीच्या मध्यावर जो बिंदू चमकतो त्यापासून वरच्या पापणीच्या कडेपर्यंतचे अंतर निरोगी प्रौढात ४ ते ५ मिलिमीटर असते. भुवई अंगठ्याने स्थिर धरून रुग्णास प्रथम खाली व मग वर पाहावयास सांगितले, की पापणीची कड किती सरकते ते मोजतात. ते १२ मिलिमीटर वा त्याहून अधिक असेल तर स्नायू सशक्त, ४ किंवा त्याहून कमी असेल तर तो जवळजवळ निकामी समजतात. आणि वळीची उंची मोजतात, कारण वळी येथे साक्षीदाराचे काम करते. उतरलेल्या पापणीवर वळी मुळीच नसेल किंवा अगदी पुसट असेल, तर स्नायू जन्मतः दुबळा, त्याच्या जागी तंतू व चरबी भरलेली. वळी आहे पण नेहमीपेक्षा उंच चढली आहे, तर स्नायू चांगला असून त्याचा पुढचा स्नायुबंध पट्टीपासून सुटलेला, जसे उतारवयात, डोळे वारंवार चोळण्याच्या सवयीने किंवा कधीकधी मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर घडते. या दुसऱ्या प्रकारात त्वचेस छेद न देता पापणीच्या आतील बाजूने दुरुस्ती करण्याच्या पद्धतीही आहेत: १९६१ मध्ये फासानेला व सर्व्हा यांनी एक मांडली आणि १९७५ मध्ये पटरमन व उरिस्ट यांनी म्युलरच्या स्नायूवरील दुसरी. पापणी थोडीच उतरली असेल आणि स्नायू सशक्त असेल, तर त्या उपयोगी पडतात. छेदाविना दुरुस्तीचा खरा लाभ आपल्याकडील पुष्कळांना येथे होण्याजोगा आहे, वळी घडविण्यात नव्हे. कारण मराठवाड्यातील बहुतेक माणसांच्या पापणीवर वळी निसर्गतःच असते.

आणि म्हणूनच आपल्याकडच्या एखाद्या बालकाच्या एका पापणीवर वळी नसली, तर तो रूपाचा प्रश्न समजून सोडून देता येत नाही. जन्मजात उतरलेली पापणी बाहुलीला झाकत असेल, तर त्या डोळ्याकडून मेंदूकडे स्पष्ट प्रतिमा जात नाही. आणि मेंदूचे पाहण्याचे शिक्षण साधारण सात-आठ वर्षांच्या वयापर्यंत पुरे होत असल्याने, त्या मुदतीत जे शिकले गेले नाही ते पुढे पापणी कितीही सुंदर उचलली तरी पुरते भरून येत नाही. डोळा निरोगी, पापणी वर, आणि दृष्टी मात्र अधू: ‘आळशी डोळा’ म्हणतात तो हाच. बाहुली झाकली नसली तरी पापणीच्या दाबाने बुबुळाची वक्रता बिघडून चष्म्याचा नंबर येऊ शकतो. मूल हनुवटी वर करून पाहते, कपाळाला आठ्या घालते. घरची मंडळी याला खोड म्हणतात, वस्तुतः ते बिचारे आपली दृष्टी वाचविण्याची खटपट करीत असते. काही बाळांत अंगावर पिताना उतरलेली पापणी प्रत्येक घोटाबरोबर टपकन वर उडते. लंडनच्या मार्कस गन या नेत्रवैद्याने १८८३ मध्ये या प्रकाराचे वर्णन केले. जबडा हलविणाऱ्या मज्जातंतूचा धागा चुकून पापणीच्या स्नायूशी जुळल्यामुळे ते होते. त्यात दृष्ट लागण्याचा किंवा बाहेरच्या कशाचाही संबंध नाही, आणि ते प्रथम आईलाच दिसते, म्हणून आईने ते वैद्यास अवश्य सांगावे.

अशा दुबळ्या पापणीस कपाळाच्या स्नायूशी जोडणारी दोरी हाच आधार. मांडीच्या स्नायूवरील चिवट आवरणाची पट्टी किंवा सिलिकॉनचा दोर भुवईच्या वर व पापणीवर दिलेल्या लहान छेदांतून ओवला जातो आणि मूल भुवई उचलते तेव्हा पापणीही उचलली जाते. झोपेत डोळा किंचित उघडा राहतो, म्हणून मलम नियमाने घालावे लागते. ही गोष्ट आईबापांना आधीच समजावून सांगितली नाही तर ते धास्तावतात. बाहुली झाकलेली असेल तर ही शस्त्रक्रिया तातडीची. नसेल तर तीन ते पाच वर्षांच्या वयापर्यंत थांबता येते, मात्र दर काही महिन्यांनी दृष्टी तपासून घेतली पाहिजे.

केज तालुक्याच्या बाबतीत एक अडचण विशेष आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाडीत वर्षातून दोनदा व शाळेत एकदा मुलांची तपासणी करतात. परंतु बीड जिल्ह्यातील हजारो कुटुंबे दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीस निघून जातात आणि हंगाम संपेपर्यंत मुले फडावरच्या कोपीत वाढतात. पथक गावात आले त्या दिवशी मूल पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात असले, की तपासणीचा रकाना कोरा राहतो आणि दृष्टी शिकण्याचे एक वर्ष निघून जाते. या मुलांची यादी वेगळी ठेवून परतल्याबरोबर त्यांचे डोळे पाहण्याची जबाबदारी कोणीतरी निश्चितपणे घेतली पाहिजे, आणि हे काम खर्चाचे नसून केवळ दक्षतेचे आहे.

याच कोप्यांच्या संदर्भात आणखी एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. जमिनीवर निजलेल्या माणसाच्या दोन्ही पापण्या पहाटे अकस्मात जड होऊन उतरू लागल्या, पोटात दुखू लागले, गिळणे वा बोलणे कठीण झाले, तर दंशाची खूण दिसो वा न दिसो, मण्यार चावल्याचा संशय घ्यावा. तिचा दंश बहुधा वेदनारहित असतो आणि पापणी उतरणे हे तिच्या विषाचे आरंभीचे लक्षण आहे. येथे मांत्रिकाकडे घालविलेली घटका प्राणावर बेतते. प्रतिविष व कृत्रिम श्वासाची सोय असलेल्या रुग्णालयाकडेच निघावे. एका बाजूची पापणी एकाएकी उतरली, एकाचे दोन दिसू लागले, डोके असह्य दुखू लागले, तर मेंदूतील रक्तवाहिनीचा विकार असू शकतो. तोही त्याच दिवशी दाखविण्याचा प्रसंग. सकाळी बरी असलेली पापणी दिवस कलताना उतरत असेल, तर स्नायू-मज्जातंतूंच्या संगमाचा मायस्थेनिया हा रोग शोधावा लागतो. यांपैकी कोठेही सुई-धाग्याने आरंभ करणे हा अपराध ठरेल. याउलट रांजणवाडी होऊन पापणी सुजली व जड झाली असेल, तर शेक व थोडा धीर बहुधा पुरतो.

ज्यांना आपल्या दोन पापण्यांत फरक जाणवतो त्यांनी आधी घरातील जुनी छायाचित्रे, बालपणाची व शाळेची, शोधून काढावीत आणि वैद्याकडे जाताना बरोबर न्यावीत. फरक जन्मापासूनचा की अलीकडचा, हे त्यांतून जितके नेमके कळते तितके रुग्णाच्या तोंडच्या कैफियतीतून कळत नाही. सौंदर्यासाठी शस्त्रक्रिया करून घ्यावी की न घ्यावी हा ज्याच्या त्याच्या इच्छेचा प्रश्न आहे आणि त्यात लाज बाळगण्यासारखे काही नाही. परंतु ती नेत्ररोगतज्ज्ञाने दृष्टी, स्नायूची शक्ती व दुसरी पापणी तपासल्यानंतरच व्हावी. केजकरांना त्यासाठी प्रथमच मुंबई-पुण्याकडे धाव घेण्याचे कारण नाही. निजामी अमदानीत ज्यास मोमिनाबाद म्हणत त्या शेजारच्या अंबाजोगाईत, गेल्या शतकाच्या आठव्या दशकात स्थापन झालेले स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व त्याचे रुग्णालय आहे; तेथील नेत्रविभागात पहिली तपासणी करून घ्यावी, आणि पुढील शस्त्रक्रिया कोठे करावी याचा सल्ला तेथूनच घ्यावा. पापणी उतरलेल्या लहान मुलाच्या बाबतीत तर पुढच्या हंगामाची, परीक्षेच्या सुटीची किंवा ‘मोठेपणी आपोआप सुधारेल’ या आशेची वाट न पाहता, ती दृष्टीस पडली त्याच आठवड्यात त्यास तेथे घेऊन जावे.